आयफोन की अँड्रॉइड? कार्यकर्त्याने काय पाहावे

दरवर्षी सप्टेंबरात ॲपलचा नवा फोन येतो आणि आपल्या तरुणांत तोच वाद नव्याने पेटतो. एक गट म्हणतो, चळवळीतल्या माणसाने आयफोनच वापरला पाहिजे. तो हॅक होत नाही आणि शिवाय ॲपल ही जातिभेदावर बंदी घालणारी कंपनी आहे. दुसरा गट म्हणतो, आयफोन ही भांडवलदारांची चैन आहे, आंबेडकरी कार्यकर्त्याच्या हातात ती शोभत नाही, साधा अँड्रॉइड पुरे. बघता बघता आयफोनवाला 'क्रीमी लेयर' ठरतो आणि अँड्रॉइडवाला 'मागे पडलेला'. जातीची उतरंड मोडायला निघालेले लोक फोनची उतरंड रचत बसतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. कोणती कंपनी आपली, हा वाद निरर्थक आहे, कारण दोन्हीही आपल्या नाहीत. विचारायचे प्रश्न तीन आहेत. हा फोन किती वर्षे सुरक्षित राहील? त्यातला मजकूर कोणाच्या हाती लागू शकतो? आणि तो घेण्यासाठी घरातली कोणती गरज मागे ढकलावी लागेल? या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा अँड्रॉइडकडे नेतात, पण दुकानदार पुढे करतो त्या अँड्रॉइडकडे नव्हे.

आधी तो 'शोभत नाही' हा शब्द निकाली काढू. कोणी काय वापरावे, काय ल्यावे, काय खावे हे दुसऱ्याने ठरवणे, ही जातिव्यवस्थेची सगळ्यात जुनी खोड आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंहार' लिहिताना जी उदाहरणे दिली ती आठवा. इंदूर भागातल्या बलाई समाजाला १९२८ मध्ये बजावण्यात आले की जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. गुजरातेत अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्यात पंगतीला तूप वाढले म्हणून मार पडला. धोतराचा काठ, भांड्याचा धातू, ताटातले तूप. यांतली एकही वस्तू कुणाकडून हिसकावून आणलेली नव्हती. स्वतःच्या पैशाने घेतलेली होती.

आणि मोबाईल? मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाचा खून झाला. बातम्यांतून जे समोर आले त्याप्रमाणे निमित्त होते त्याच्या मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनचे. तो फोन कोणत्या कंपनीचा होता हे मारणाऱ्यांनी पाहिले नाही. म्हणून 'याच्याकडे आयफोन कसा?' हा प्रश्न सवर्णाने विचारला तर त्याला सडेतोड उत्तर द्या, आणि तो आपल्याच बैठकीत कोणी विचारला तर त्याला या शंभर वर्षांची आठवण करून द्या. ज्याला परवडतो त्याने खुशाल घ्यावा. कोणाची परवानगी लागत नाही.

परंतु घेण्याचा हक्क असणे आणि कर्ज काढून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचा हिशेब पुढे येईल.

आता 'ॲपल जातिभेदाविरुद्ध आहे' हा दावा. त्यात तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला आणि अमेरिकेतल्या तंत्रज्ञान कंपन्यांना पहिल्यांदा 'कास्ट' हा शब्द गांभीर्याने घ्यावा लागला. त्याच सुमारास ॲपलने आपल्या कर्मचारी आचारसंहितेत वंश, धर्म, लिंग यांच्या जोडीला जातीचाही स्पष्ट उल्लेख करून भेदभावाला बंदी घातली. ही बाब रॉयटर्सने २०२२ मध्ये जगापुढे आणली. गूगलमध्ये काय घडले? एप्रिल २०२२ मध्ये, दलित इतिहास महिन्यानिमित्त, इक्वॅलिटी लॅब्सच्या थेनमोळी सौंदरराजन यांचे व्याख्यान ठरले होते. काही कर्मचाऱ्यांनी त्यांना 'हिंदूविरोधी' ठरवून तक्रारी केल्या आणि कंपनीने व्याख्यान रद्द केले. ते आयोजित करणाऱ्या वरिष्ठ अधिकारी महिलेने पुढे राजीनामा दिला. आंबेडकरी माणसाला या दोन घटनांतला फरक दिसणारच, आणि तो दिसायलाच हवा.

पण जरा तमिळनाडूकडे वळा. ॲपलचे आयफोन जिथे जोडले जातात त्या श्रीपेरुंबुदूरच्या फॉक्सकॉन कारखान्यातल्या महिला कामगारांना डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली. अडीचशेच्या आसपास मुली आजारी पडल्या, त्यांच्या मैत्रिणी महामार्गावर बसल्या, कारखाना काही काळ बंद राहिला. वसतिगृहे आणि भोजनालये दर्जाला धरून नव्हती हे ॲपललाही मान्य करावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकात नरसापूरच्या विस्ट्रॉन कारखान्यात थकलेल्या पगारावरून कामगारांचा उद्रेक झाला होता. तोही आयफोनचाच कारखाना. २०२४ मध्ये रॉयटर्सने दाखवून दिले की फॉक्सकॉनच्या भारतातल्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना जुळणीच्या कामावर घेण्याचे टाळले जात होते. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरसाठी एक नियमावली आणि श्रीपेरुंबुदूरच्या खोलीत दाटीवाटीने झोपणाऱ्या मुलीसाठी दुसरीच.

अँड्रॉइडवाल्यांनी फार खुश होऊ नये. त्याच श्रीपेरुंबुदूरमध्ये सॅमसंगच्या कामगारांना २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ३७ दिवस संप करावा लागला, आणि मुख्य मागणी काय, तर आमच्या युनियनला मान्यता द्या. त्या कारखान्यात टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनतात, फोन नाही; पण नफा एकाच तिजोरीत जातो. १९३८ साली मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. ॲपलने कागदावर पहिल्याची दखल घेतली, एवढ्याने दुसरा नाहीसा होत नाही. ॲपलची आचारसंहिता भारतातल्या आयटी कंपन्यांपुढे ठेवा, 'तुमच्याकडे असा नियम का नाही?' असे त्यांना विचारा. तिचा उपयोग तिथे आहे. खरेदीची पावती म्हणून तिचा उपयोग नाही.

आता सुरक्षिततेकडे येऊ. 'आयफोन हॅक होत नाही' हे वाक्य ज्या आत्मविश्वासाने आपले पोरं बोलतात त्याची मला भीती वाटते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने उघड केले की इस्रायलच्या एनएसओ या कंपनीचे पेगासस हे हेरगिरीचे साधन व्हॉट्सॲप कॉलच्या वाटेने जगभरातल्या सुमारे १४०० जणांवर रोखले गेले. भारतातल्या लक्ष्यांमध्ये वकील, पत्रकार आणि मानवी हक्कांचे काम करणारे होते. भीमा-कोरेगाव प्रकरणात आरोपींची बाजू मांडणारे वकील होते, आनंद तेलतुंबडे होते. सप्टेंबर २०२१ मध्ये सिटिझन लॅबने दाखवले की त्याच कंपनीचे साधन आयफोनमध्ये ॲपलच्याच आयमेसेजमधून शिरत होते, आणि त्यासाठी मालकाने कशावर बोट लावण्याचीही गरज नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, त्यांतल्या ५ मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले. ते पेगाससच आहे असा निष्कर्ष मात्र निघाला नाही. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस विरोधी पक्षांच्या नेत्यांना आणि पत्रकारांना 'तुमच्या फोनवर सरकारपुरस्कृत हल्ला झाला असावा' अशा सूचना आल्या. त्या आयफोनवरच आल्या होत्या. याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत: ॲपल निदान सूचना देते, आणि आयफोनवरही हल्ला होतो.

ज्यांच्यावर सत्तेचा डोळा आहे, म्हणजे मोठ्या खटल्यांतले वकील, शोधपत्रकार, राज्य पातळीवरचे नेते, त्यांनी आयफोन घ्यावा आणि त्यातला 'लॉकडाउन मोड' चालू ठेवावा असे मीही म्हणेन. २०२२ मध्ये आलेल्या या सोयीने फोनची बरीच दारे बंद होतात. अँड्रॉइडमध्ये गूगलचा पिक्सेल फोन घेऊन त्यावर ग्राफीनओएस टाकणारेही आहेत. पण ते जाणकाराचे काम आहे आणि त्यावर काही बँकांची ॲप चालत नाहीत. तालुक्याच्या कार्यकर्त्याला त्या वाटेला पाठवण्यात अर्थ नाही.

कारण तालुक्याच्या कार्यकर्त्याचा धोका वेगळा आहे. त्याच्यावर कोणी कोट्यवधींचे साधन खर्च करणार नाही. त्याचा फोन मोर्चात हिसकावला जातो. चौकीत 'दाखव जरा' म्हणून मागितला जातो. त्याला लग्नपत्रिकेच्या किंवा ट्रॅफिक चलनाच्या नावाने एपीके फाइल येते, तो ती उघडतो आणि बँक खाते रिकामे होते. त्याचा बॅकअप ड्राइव्हवर कुलूप न लावता पडून असतो. यांतल्या प्रत्येकावर उपाय आहे आणि तो आयफोनच्या किमतीवर अवलंबून नाही. पोलिस ठाण्याच्या वाटेवर फिंगरप्रिंट बंद करून सहा आकडी किंवा मोठा पासकोड ठेवा. बोट धरून दाबता येते, डोक्यातला आकडा तसा काढता येत नाही. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला एन्क्रिप्शनचे कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून दोन्ही प्रकारच्या फोनवर आहे, फक्त ती स्वतः चालू करावी लागते. ओळखीच्या नंबरवरून आली तरी एपीके उघडू नका. त्याचा नंबर आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

पण सगळ्यात मोठा धोका याहून साधा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. सुरक्षा अपडेट बंद झालेला फोन.

फोनच्या यंत्रणेत सतत भोके सापडतात. कंपनी अपडेट पाठवून ती बुजवते. अपडेट बंद झाले की फोन पूर्वीसारखाच चालतो, कॉल लागतात, रील दिसतात, पण भोके उघडी राहतात. अँड्रॉइडचा खरा आजार हाच आहे. यंत्रणा गूगलची, फोन दुसऱ्याच कंपनीचा, आणि त्या कंपनीला जुन्या फोनवर खर्च करण्यापेक्षा नवा विकण्यात रस. २०१४ मध्ये गूगलने भारतातच अँड्रॉइड वन नावाने मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसचे फोन ६,३९९ रुपयांपासून आणले. हमी होती दोन वर्षांच्या अपडेटची, आणि तेव्हा तीही मोठी मानली गेली. ॲपलचे तसे नाही. २०१५ च्या आयफोन ६एस ला २०२१ मध्येही नवी यंत्रणा मिळाली. या एका बाबतीत आयफोनवाल्यांचे म्हणणे कित्येक वर्षे शंभर टक्के बरोबर होते.

आता चित्र बदलले आहे. २०२३ च्या पिक्सेल ८ पासून गूगलने आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंगने सात वर्षांची हमी दिली. ते फोन महाग आहेत, पण हमी खाली झिरपली. २०२४ च्या ऑक्टोबरात भारतात सुमारे १९ हजारांना आलेल्या गॅलेक्सी ए१६ ला सहा वर्षांची हमी मिळाली.

मग हिशेब करू. समजा बारा हजारांचा फोन घेतला आणि त्याला तीन वर्षे अपडेट आहेत, तर वर्षाला चार हजार पडले. एकोणीस हजारांचा सहा वर्षे चालला, तर वर्षाला तीन हजारांच्या थोडे वर. म्हणजे स्वस्त फोन महाग पडला! फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला आयफोन १६ई ५९,९०० रुपयांचा. तो सात वर्षे धरला तरी वर्षाला साडेआठ हजार. बॅटरी बदलण्याचा आणि फुटलेल्या स्क्रीनचा खर्च यात धरलेलाच नाही, आणि तो आयफोनवर किती येतो हे ज्याची स्क्रीन फुटली त्याला विचारा.

५९,९०० हा आकडा लक्षात ठेवा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यात राहण्यासाठी स्वाधार योजनेतून जेवण, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. तेही वेळेवर मिळाले तर. एका आयफोनची किंमत म्हणजे एका विद्यार्थ्याचे शहरातले एक वर्ष. ज्या मुलाचे शिक्षण अजून चालू आहे त्याने हप्त्यावर आयफोन घेणे मला पटत नाही, आणि हे मी त्याच्या हातात तो 'शोभत नाही' म्हणून सांगत नाही. चाळीस हजारांच्या फरकात लॅपटॉप येतो. फोनवर अर्ज भरता येतो, पीडीएफ वाचता येते. प्रबंध, प्रोग्राम किंवा चाळीस पानी निवेदन लिहायला लॅपटॉपच लागतो. आपल्या मुलांना फोनपुरतेच इंटरनेट मिळावे आणि त्यांच्या मुलांना कीबोर्ड मिळावा, ही विषमता आपणच विकत का घ्यायची?

सेकंड हॅण्ड आयफोनचा मोह अनेकांना होतो. चार वर्षे जुना आयफोन म्हणजे अपडेटची उरलेली दोन-तीन वर्षे, हे धरूनच भाव करा. आधीच्या मालकाचे खाते त्यातून निघाले आहे का, ते समोर बसून पाहा. नाहीतर तो फोन नुसता ठोकळा आहे. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय क्रमांक काढा आणि सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर टाकून तो चोरीचा नाही ना, याची खात्री करा. आपल्या पोराच्या खिशात चोरीचा फोन सापडला, तर 'मला माहीत नव्हते' हे त्याचे म्हणणे पोलिस ठाण्यात किती ऐकून घेतले जाईल, हे मी सांगायला नको.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. कार्यकर्त्याचा फोन हा पुराव्याचा डबा आहे. अत्याचाराच्या घटनेनंतर वस्तीत पहिला पोहोचतो तो कार्यकर्ता, आणि जळालेले घर, जखमा, जमावातले चेहरे, दमदाटी करणारा आवाज हे सगळे पहिल्यांदा त्याच्या फोनमध्ये येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा पुरावा न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच. आत कणभर बदल झाला की ठसा बदलतो. आणि आपण काय करतो? व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकतो, ग्रुपवर फिरवतो, फोन भरला म्हणून मूळ फाइल पुसून टाकतो. व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेली प्रत ही मूळ फाइल नव्हे. तारीख-वेळेची मूळ माहितीही तिच्यात राहत नाही. आरोपीच्या वकिलाला याहून सोपे काय हवे?

म्हणून कार्यकर्त्याने मेगापिक्सेलच्या आधी साठवण पाहावी. तासाभराच्या साध्या दर्जाच्या चित्रणाला चार ते आठ जीबी लागतात. १२८ जीबी हे किमान समजा. बऱ्याच स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये मेमरी कार्डाची जागा असते, आयफोनमध्ये ती नाही. पण मेमरी कार्ड बहुधा कुलूपबंद नसते, फोनमधून काढले की कोणीही वाचू शकतो. म्हणून साक्षीदारांचे चेहरे आणि जबाब कार्डावर ठेवू नका. मूळ फाइल फोनमध्ये ठेवा, तिची प्रत त्याच दिवशी वकिलाच्या संगणकावर उतरवा, आणि पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा म्हणजे ती दाबली जात नाही. ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १५अ साक्षीदारांच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकते. पण त्या साक्षीदाराचा व्हिडिओ आपल्याच ग्रुपवरून गावच्या पाटलापर्यंत गेला, तर ते कलम काय करणार?

आयफोनवाल्यांसाठी एक छोटी सूचना. तुमचा फोन फोटो 'हाइक' या प्रकारात साठवतो आणि कित्येक सरकारी संकेतस्थळे ते स्वीकारत नाहीत. शेवटच्या तारखेच्या रात्री शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना हे कळण्यापेक्षा आजच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा.

राहिला संघटनांचा प्रश्न. ग्रंथालयाचे किंवा अभ्यासिकेचे स्वतःचे ॲप काढायचे असेल तर गूगल एकदाच २५ डॉलर घेते, ॲपल दरवर्षी ९९ डॉलर. आपल्या वस्तीत शंभरातल्या पंचाण्णव हातांत अँड्रॉइडच आहे, तेव्हा सुरुवात कुठून करायची हे उघड आहे. मात्र गूगललाही तारणहार समजू नका. अँड्रॉइडवरच्या मक्तेदारीचा गैरवापर केला म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७ कोटींचा दंड केला आणि पुढच्या मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. आणि आपण ज्यांच्या नावाने भांडतो त्या दोन कंपन्यांचे आपसात काय चालते? आयफोनमधल्या सफारीत गूगलचेच सर्च आधी यावे म्हणून एकट्या २०२२ साली गूगलने ॲपलला २००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेच्या न्यायालयात उघड झाले. भांडण आपल्या ग्रुपवर आणि भागीदारी त्यांच्यात!

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारू नका. या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या साली बंद होणार, एवढेच विचारा. दुकानदाराला बहुधा माहीत नसते. मग कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा, तिथेही तारीख नसेल तर ते मॉडेल सोडा. आणि घरी जो फोन आहे त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन शेवटचे सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्याचे आहे ते आज रात्रीच बघा. वर्ष उलटून गेले असेल, तर साक्षीदारांचे नंबर आणि व्हिडिओ त्यातून आधी बाहेर काढा; नवा फोन कोणता घ्यायचा यावर मग निवांत भांडू.

जय भीम.